वहिनी लस घ्यायला तयारच होत नाहीये, कसं पटवू?

हिरवाचाफा: वहिनीला २८वा आठवडा चालूये, डॉक्टरांनी टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची) आणि फ्लूची लस सांगितलीये पण तिचं एकच, पोटात बाळ असताना डोकेदुखीची गोळी घ्यायची तर दहादा विचार करतो आणि हे तर सरळ टोचून घ्यायचं. दादा म्हणतो तिच्या मनाविरुद्ध नको. मी पडले नणंद, जास्त बोलले तर जाच होतो 😄 कोणी घेतलीये का?

गप्पिष्ट: मी दोन्ही वेळा घेतली, टीडॅप प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यावी लागते. भीती मलाही होतीच गं. पण ही लस आपल्यापेक्षा बाळासाठी असते हे कळलं तेव्हा पटलं. डांग्या खोकल्याची बाळाची स्वतःची लस दीड-दोन महिन्यांनी सुरू होते आणि हा आजार सगळ्यात वाईट त्याच वयात, तान्ह्या बाळाला कधीकधी खोकलाही येत नाही, श्वासच थांबतो. आईने २७ ते ३६ आठवड्यांत घेतली की अँटीबॉडीज वारेतून बाळाला मिळतात, फक्त त्या तयार व्हायला २ आठवडे तरी जातात म्हणून अगदी शेवटाला नको. माझा दंड दोन दिवस ठणकला, बस.

उगाचच: पण माझ्या बहिणीला तर गरोदरपणात रुबेलाची लस नको म्हणाले होते, मग?

पांढराकोट: बरोबरच म्हणाले. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) आणि कांजिण्यांच्या लसीत जिवंत, कमजोर केलेले विषाणू असतात म्हणून त्या बाळंतपणानंतर देतात. टीडॅपमध्ये जिवंत काही नसतं, फ्लूच्या इंजेक्शनमध्येही नाही (नाकात मारायचा स्प्रे जिवंत असतो, तो नको). लोक हे सगळं एकत्र कालवतात आणि घाबरतात. फ्लूची कुठल्याही महिन्यात चालते, बाळाला ती ६ महिन्यांपर्यंत देताच येत नाही. आणि चाफाताई, 'घेच' म्हणू नका, नक्की कशाची भीती वाटते ते विचारा आधी.

हिरवाचाफा: विचारलं! लसीची नाहीच, लसीने ताप आला तर बाळाला त्रास होईल याची भीती. आम्ही उगाच भलतंच समजावत बसलो होतो

पांढराकोट: आलाच तर सहसा हलका येतो, पॅरासिटामॉल चालते, डोस डॉक्टरांना विचारून. खरा फ्लू झाला तर ताप याहून कितीतरी जास्त, हे सांगा. आधी कुठल्या लसीची ॲलर्जी आली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

हिरवाचाफा: गुरुवारी चेकअप आहे, तीच विचारणारे सगळं. दादालाही नेते, फ्लूची त्यालाही टोचून आणते