मदत हवी आहे: दहा महिन्यांची आणि साडेतीन वर्षांचा, दोघांना घेऊन नातेवाइकांकडे

सांजसकाळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

दोन्ही मुलांना घेऊन नातेवाइकांकडे आठ-दहा दिवस जायचं ठरतंय. धाकटी १० महिन्यांची आहे. अंगावर पिते, शिवाय दिवसातून दोनदा पावडरचं दूध घेते. रांगते, धरून उभी राहते, दिसेल ते तोंडात घालते. थोरला साडेतीन वर्षांचा, त्याला गाडी लागते. आधी अडीच तासांचं विमान, मग चार तास कार. कार नातेवाइकांची असेल. तिथे तीन घरी राहायचं: आजी-आजोबा, मग आत्या, मग काका. एका दिवशी सगळ्यांचं एकत्र जेवण, तीसेक माणसं.

अडचणी: विमानात धाकटीचे कान, कारमध्ये थोरल्याच्या उलट्या, पावडरचं दूध वाटेत कसं करायचं, औषधांत नेमकं काय घ्यायचं. आणि सगळ्यात मोठी म्हणजे धाकटी अनोळखी माणसांना पाहून रडते. तिथे तर जो तो उचलून घेणार. मोठ्यांना न दुखावता काय सांगावं? सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

---

पाऊलवाट

कान आणि उलट्या यांची उत्तरं सोपी आहेत, कोणीतरी देईलच. मी कार्यक्रमाबद्दल लिहिते, कारण तुमच्या बेतात खरी अडचण तिथे आहे. तीन घरी राहू नका. एकाच घरी मुक्काम करा, बाकीच्या दोन घरी दिवसा जाऊन या. दर नव्या घरात झोपायची जागा, आवाज, अंधार, सगळं बदलतं आणि पहिल्या एक-दोन रात्री बाळ वारंवार उठतं. तीन घरं म्हणजे ते तीनदा. घरी परतल्यावर चौथ्यांदा.

१० महिन्यांचं बाळ साधारण दिवसातून दोनदा झोपतं आणि दोन झोपांमध्ये तीन ते चार तास जागं असतं. तुमच्या भेटी याच वेळात बसवायच्या. जाण्या-येण्यात तास गेला तर भेट दीड-दोन तासांची. निघायची वेळ पोचण्याआधीच कळवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी "आत्ता कुठे निघालात?" यावर चर्चा होत नाही.

पोचायची वेळ दुपारची ठेवता आली तर उत्तम. ज्या खोलीत झोपायचं ती मुलांनी उजेडात पाहिलेली असावी, तिथे अर्धा तास तरी खेळलेलं असावं. थेट अंधारात नेऊन आडवं केलं तर मोठा मुलगाही बिथरतो. पहिला पूर्ण दिवस पाहुणे नकोत. एकत्र जेवण तिसऱ्या दिवसानंतर ठेवायला सांगा, धाकटीची झोप झाल्यावर जा आणि त्या घरातली एक खोली दार लावता येईल अशी तुमच्यासाठी मोकळी मागून घ्या. दूध पाजायला, कपडे बदलायला आणि दहा मिनिटं शांत बसवायला ती लागतेच.

घरच्या चादरी न धुता न्या. ओळखीचा वास असला की झोप लवकर लागते. रात्रीचा क्रम (अंघोळ, दूध, गोष्ट, दिवा बंद) वेळ पुढे-मागे झाली तरी तोच ठेवा.

---

उंचसखल

विमान आणि कारबद्दल.

कान चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतात. चढताना कानातली हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि घसा व कान जोडणारी नळी उघडून हवा आत जावी लागते. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे ती सहज उघडत नाही. गिळलं की उघडते. म्हणून पाजणं उतरण्यासाठी राखून ठेवा. चाकं टेकायच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली यायला लागतं, तेव्हा सुरू करा. दहा मिनिटांत दूध संपवून टाकलं तर पुढे काही उरत नाही, म्हणून थोडं थोडं द्या. बाटली असेल तर बाळाला जरा उभं धरा. झोपेत गिळणं कमी होतं, तेव्हा गाढ झोपली असली तर उतरताना उठवा. थोरल्याला नळीने पाणी प्यायला द्या. कानात कापूस घालून काही होत नाही, कारण दाबाचा फरक पडद्याच्या आतल्या बाजूला असतो. सर्दी किंवा कान दुखत असेल तर निघण्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरांना कान दाखवा.

२ वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, पण वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. धागाकर्तीला हा प्रश्न नाही, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगते: दुसरा वाढदिवस मुक्कामात येत असेल तर परतीला बाळासाठी वेगळी सीट घ्यावी लागते. मांडीवरच्या बाळाला वेगळा जोडपट्टा मिळतो. तुमचा पट्टा दोघांभोवती मिळून बांधायचा नाही. धक्का बसला तर तुमचं वजन बाळावर येतं.

आता उलट्या. कान सांगतो आपण हलतोय, डोळे पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये असले तर ते सांगतात स्थिर आहोत. हा गोंधळ मळमळीचं मूळ. २ ते १२ या वयात त्रास जास्त असतो, बाळांना सहसा होत नाही. म्हणून कारमध्ये मोबाईल बंद, चित्रांचं पुस्तकही बंद. समोरची काच दिसेल अशी बैठक, खिडकी थोडी उघडी, कारमध्ये कसलाही उग्र वास नको. रिकाम्या पोटी बसवू नका आणि पोटभर दूध देऊनही नाही. तास-दीड तास आधी हलकं, कोरडं काहीतरी. बडबडणारा मुलगा एकदम गप्प झाला, जांभया देऊ लागला, ओठांभोवती पांढरा पडला, तोंडाला पाणी सुटून सारखा गिळायला लागला की गाडी लगेच थांबवा. उलटीआधी साधारण तेवढीच सूचना मिळते. औषध द्यायचंच असेल तर वजन सांगून डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ते निघण्याआधी अर्धा ते एक तास द्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. ही औषधं २ वर्षांखाली देत नाहीत. प्रोमेथाझिन तर या वयात निषिद्धच आहे, श्वास मंदावू शकतो. "शांत झोपतील" म्हणून असलं औषध कोणी सुचवलं तर दोघांनाही देऊ नका. काही मुलं त्याने उलट पिसाळतात.

चार झिपच्या पिशव्या भरा. प्रत्येकीत एक पूर्ण कपड्यांचा जोड, ओला रुमाल, घाण कपड्यांसाठी रिकामी पिशवी. त्या हाताशी हव्यात, डिकीत नाही. स्वतःसाठीही एक सदरा ठेवा.

मुलांच्या सीटबद्दल नातेवाइकांना आत्ताच विचारा: गाडीत आयसोफिक्सच्या (मुलांची सीट थेट अडकवायच्या) कड्या आहेत की पट्ट्याने बसवायची? धाकटीची सीट मागे तोंड करून, मागच्या बाकावर. पुढे एअरबॅग चालू असेल तर तिथे अशी सीट कधीच नको, एअरबॅग थेट डोक्यामागे आदळते. बसवल्यावर पट्टा जातो त्या जागी धरून हलवा, २.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला तर तो सैल आहे. जाड कोट काढून बांधा, वाटल्यास पट्ट्यावरून पांघरा. उलटीच्या भीतीने मुलाखाली जाड टॉवेल घालू नका, पट्टा सैल राहतो. पट्ट्यावर उलटी झाली तर ओल्या फडक्याने पुसा. साबणात भिजवला तर धागे कमजोर होतात. दर दोन तासांनी थांबून धाकटीला सीटमधून बाहेर काढा. मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की श्वास अडू शकतो. पोचल्यावर झोपली आहे म्हणून सीटसकट घरात नेऊन ठेवायची नाही. चार तासांचा रस्ता पाच-साडेपाच तासांचा धरा.

---

मोजमाप

दूध आणि औषधं.

पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर मिसळायची, मग बाटली वाहत्या थंड पाण्याखाली धरून निववायची. मनगटावर कोमट लागलं की द्या. केलेलं दूध बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका. बाळाने तोंड लावल्यावर एका तासात उरलेलं फेका. वाटेसाठी कोरड्या डब्यांत एकेका वेळची पावडर मोजून ठेवा, लागतील त्यापेक्षा दोन जास्त. चमचा त्याच डब्यातला हवा, दुसऱ्या कंपनीच्या चमच्याचं माप वेगळं असतं. विमानात ७० अंशांचं पाणी मिळेलच असं नाही, त्या टप्प्याला तयार बंद बाटलीतलं दूध किंवा अंगावरचं सोपं. काढून ठेवलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, गोठवलेल्या पॅकसह थंड पेटीत २४ तास टिकतं. विमानात हातातल्या सामानासाठी असलेली १०० मिलीची द्रवाची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि औषधाला सहसा लावत नाहीत, पण तपासणीला ते वेगळं काढून दाखवा.

औषधांत सगळ्यात जास्त घोळ पॅरासिटामॉलचा होतो. मात्रा वजनावर: किलोमागे १५ मिग्रॅ, दोन मात्रांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. पण बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी. १० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ म्हणजे मिलीला १०० मिग्रॅ असलेले थेंब फक्त १.५ मिली, ५ मिलीत २५० असलेलं सिरप ३ मिली, ५ मिलीत १२५ असलेलं ६ मिली. तिथल्या घरातली बाटली कोणी प्रेमाने पुढे केली आणि तुम्ही घरच्या सवयीने ६ मिली थेंब दिले तर चौपट मात्रा जाते. म्हणून स्वतःची बाटली, स्वतःची सिरिंज, आणि बाटलीवर चिकटपट्टीने मुलाचं नाव व मिली. कोणी कधी दिलं ते फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं, नाहीतर आईने एकदा, आजीने एकदा असं होतं. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही.

ओआरएसची पाकिटं घ्या. मागे लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, कारण १ लिटरची आणि २०० मिलीची अशी दोन्ही मिळतात. अर्धं पाकीट अंदाजाने करू नका. २४ तासांनी उरलेलं फेका. दर पातळ शीनंतर धाकटीला ५० ते १०० मिली, थोरल्याला १०० ते २०० मिली, चमच्याने किंवा घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. लघवी कमी, डोळे खोल, मूल मलूल, पाणीही टिकत नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर थेट डॉक्टर. थर्मामीटर विसरू नका.

---

सांजसकाळ

इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मुक्काम आजी-आजोबांकडेच ठेवते. पण त्या घरात बऱ्याच वर्षांत लहान मूल नव्हतं. धाकटी रांगणारी. तिथे गेल्यावर आधी काय पाहू?

---

रांगोबा

पोचल्याबरोबर, सामान उघडायच्या आधी, एकाने मुलं धरायची आणि दुसऱ्याने त्या खोलीत गुडघ्यांवर फिरायचं. उभं राहून जे दिसत नाही ते दिसतं: पलंगाखाली पडलेली गोळी, टेबलाची लोंबणारी वायर, सोफ्याच्या फटीतलं नाणं.

आजी-आजोबांच्या गोळ्या पहिल्या. आठवड्याचे डबे मुलांना सहज उघडता येतात, आणि रक्तदाबाची वा साखरेची एखादी गोळीही लहान मुलाला जिवावर बेतू शकते. डबे उंच कपाटात, बंद दाराआड. पाहुण्यांच्या पर्ससुद्धा खाली ठेवू नका, त्यांतही गोळ्या असतात.

दुसरं, बटणासारखे चपटे सेल: रिमोट, वजनकाटा, श्रवणयंत्र, आवाज करणारी खेळणी. झाकण स्क्रूचं नसेल तर वर ठेवा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत खोल जखम करतो. उलटी काढायची नाही, ताबडतोब रुग्णालय. वर्षावरच्या मुलाला वाटेत दर दहा मिनिटांनी २ चमचे (१० मिली) मध, सहा वेळांपर्यंत, देता येतो. धाकटीला मध नाही, वर्षाखाली मध कशासाठीच नाही. आणि मध शोधण्यात निघायला उशीर करायचा नाही.

तिसरं पाणी. बादली, टब रिकामे आणि पालथे, न्हाणीघराचं दार बंद. काही सेंटीमीटर पाण्यातही बाळ बुडतं, तेही आवाज न करता.

तोंडात जाणाऱ्या वस्तूंसाठी कागदाच्या गुंडाळीची मधली नळी वापरा. तिच्यातून जे आरपार जातं ते खाली नको. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, गाजराच्या चकत्या थोरल्यालाही नकोत. थोरल्याची द्राक्षं उभी चार भागांत कापा.

झोपायला धाकटीला वेगळी, सपाट, घट्ट गादी. उशी, मऊ दुलई नाही, पाठीवर झोपवायचं. पलंग भिंतीला लावून "पडणार नाही" असं करतात, पण फटीत अडकण्याचा धोका तिथेच असतो.

एकत्र जेवणाच्या दिवशी सगळे पाहतायत म्हणून कोणीच पाहत नाही. लक्ष ठेवणारा एकच माणूस, अर्ध्या तासाची पाळी, आणि बदलताना "आता तुझ्याकडे" असं नाव घेऊन सांगायचं, समोरच्याने "हो" म्हटल्यावरच उठायचं.

---

पाऊलवाट

रडण्याचा प्रश्न राहिला होता. आठ महिन्यांच्या आसपास अनोळखी माणसाची भीती सुरू होते, दीड वर्षापर्यंत जोरात असू शकते. बाळ ओळखीचं माणूस वेगळं ओळखू लागल्याची ती खूण आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. नातेवाइकांना हे असंच सांगा, म्हणजे "आम्हाला टाळतेय" असं वाटत नाही.

करायचं असं: धाकटी तुमच्या मांडीवर. आलेली व्यक्ती दोन-तीन हातांवर जमिनीवर बसते, तिच्याशी न बोलता तुमच्याशी बोलते, हातात एखादं खेळणं घेऊन स्वतःच वाजवते. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. बाळ खेळण्याकडे हात करेल तेव्हा पुढे करायचं. दहा-पंधरा मिनिटं लागतात, कधी जास्त. तिची नजर चुकवून खोलीतून निसटू नका, पुढच्या वेळी ती तुम्हाला सोडणारच नाही. "येते" म्हणून जा, थोडं रडली तरी.

ज्यांना सर्दी-खोकला आहे किंवा ओठांवर फोड आहे त्यांनी पापे घेऊ नयेत, हे आधीच सांगून ठेवा.

सांगायचं कोणी? ज्याची माणसं, त्याने. आत्या आणि काकांना तुमच्या यजमानांनी फोन करावा, सूनबाईने नव्हे. आजी-आजोबांना वेगळा फोन, कारण कपाटं आणि बादल्या त्यांनाच हलवाव्या लागतील. आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. असं काहीसं:

"आई, आम्ही पोचल्यावर पहिला दिवस घरीच राहू, दोघं सावरली की सगळ्यांना बोलवू. धाकटी सध्या नव्या माणसांना घाबरते, पंधरा मिनिटं जवळ बसून राहिलं की स्वतःहून येते. तुझ्याकडे सगळ्यात आधी यावी म्हणून आजपासून रोज दोन मिनिटं व्हिडिओवर तोच एक खुळखुळा दाखवशील का? आणि बाबांच्या गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवशील?"

खुळखुळ्याचं काम आजीला खरंच द्या. पोचल्यावर तोच त्यांच्या हातात दिसला की ओळख पटायला मदत होते.