‘करमत नाही’चा अर्थ

‘करमत नाही’ म्हणजे ‘एकटं वाटतं’ असा अर्थ काही जण देतात, तो मला अपुरा वाटतो. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडची गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलीत. नवी सून तिकडं गेली की आईचा फोनवर पहिला प्रश्न, "करमतंय का गं तिथं?" घर माणसांनी भरलेलं, खाली दुकानात वर्दळ, तरी पोरगी म्हणते, "न्हाई गं, करमंना बघ." यात एकटेपणा कुठाय? जीव रमत नाही, हे खरं दुखणं. उलट रानातल्या वस्तीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला झकास करमतं. पोरानं पुण्याला नेलं की मात्र त्याला करमेनासं होतं. शिवाय ‘तुझ्यावाचून करमत नाही’ हा वापर राहिलाच, आणि माझ्या मते तोच सगळ्यात गोड.