'फोटोग्रामेट्री'ला मराठीत काय म्हणायचं? (फ्लाइट सिम्युलेटरच्या संदर्भात)

उडता_पक्षी

नमस्कार मंडळी. आमचा फ्लाइट सिम्युलेटर (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ) खेळणाऱ्यांचा एक छोटा ग्रुप आहे, त्यांच्यासाठी मराठीत माहितीपत्रक लिहितोय, सेटिंग्ज वगैरे समजावणारं. बाकी जमलं पण 'फोटोग्रामेट्री'पाशी गाडी अडलीय. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेटाच्या पानावर या नावाचं चक्क एक बटणच आहे, चालू ठेवलं की टोकियोसारखी शहरं खऱ्या इमारतींसकट दिसतात, बंद केलं की तिथेच कुठल्यातरी साच्यातल्या इमारती उभ्या राहतात. एकाने 'हवाई छायाचित्रण' सुचवलं, दुसऱ्याने 'त्रिमितीय नकाशा'. दोन्ही कानाला खटकतात पण का ते नीट सांगता येत नाहीये. चांगला शब्द आहे का? आणि सीनरी, ऑटोजेन (प्रोग्रामने आपोआप उभी केलेली घरं), ऑर्थो (जमिनीवर अंथरलेले वरून काढलेले फोटो), मेश (त्रिकोणांचं जाळं) यांचं काय करायचं तेही सांगा, सगळी पंगत एकदमच बसवून टाकू.

मोजणीदार

'हवाई छायाचित्रण' खटकतं कारण ते फक्त फोटो काढणं झालं, अर्धं काम. या शब्दाचा जीव शेवटच्या तुकड्यात आहे, ग्रीकमध्ये फोटोस म्हणजे प्रकाश, ग्रामा म्हणजे रेखलेलं आणि मेट्रॉन म्हणजे माप. फोटोवरून मोजमाप करायचं. आणि मुळात विमानाशी याचा काही संबंध नव्हता. आल्ब्रेश्ट मायडेनबाउअर नावाचा जर्मन आर्किटेक्ट १८५८ मध्ये वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेत होता आणि वरून पडता पडता वाचला, तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की भिंतींना लोंबकळण्यापेक्षा खाली उभं राहून फोटो घ्यावेत आणि मापं त्यावरून काढावीत. शब्दही त्याच्याच लेखातून १८६७ मध्ये छापून आला. विमानं नंतर आली.

काम कसं चालतं ते सांगतो म्हणजे शब्द शोधायला सोपं जाईल. विमान शेत नांगरल्यासारखं पट्ट्यापट्ट्याने जातं-येतं आणि फोटो असे घेतात की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान ६० टक्के भाग परत यावा, शहराची त्रिमिती करायची असेल तर ८० पर्यंत नेतात, शेजारच्या पट्टीवरही बऱ्यापैकी चढवतात. मग समजा एखाद्या गच्चीवरच्या टाकीचा कोपरा आहे, तो पाच-सात फोटोंत वेगवेगळ्या कोनातून दिसतो. सॉफ्टवेअर तो ओळखतं, प्रत्येक कॅमेऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढतं, आणि सगळ्या रेघा जिथे जास्तीत जास्त जवळ येतात तिथे कोपरा. गंमत म्हणजे कॅमेरा नेमका कुठे होता आणि किती तिरका होता हेही त्याच गणितातून चोख होऊन निघतं. असे करोडो ठिपके, ठिपके जोडून त्रिकोणांचं जाळं, जाळ्यावर तेच फोटो चिकटवले की तुमचं शहर तयार. नुसत्या सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला भिंती नीट दिसत नाहीत, म्हणून शहरांसाठी पाच कॅमेऱ्यांचा संच लावतात, एक खाली बघणारा आणि चार दिशांना चार तिरके.

तेव्हा शब्द शोधाल तर त्यात माप हवं. मापाशिवाय फोटोग्रामेट्री नाही.

श्रावणधारा

माप हवं तर '-मिती' आयतीच आहे की. भूमिती, त्रिकोणमिती, तशी छायाचित्रमिती. शब्द घडणीला निर्दोष आहे, वाचल्यावर अर्थही लागतो. अडचण इतकीच की 'मिती'चा संसार मोठा आहे, भूमितीत ती मापन, त्रिमितीत ती परिमाण, आणि लग्नपत्रिकेत 'मिती वैशाख शुद्ध अमुक' म्हणजे तिथी. 'छायाचित्रमितीने केलेली त्रिमिती' असं वाक्य लिहिलं की वाचणारा दोनदा अडखळणार. पण शास्त्राचं नाव म्हणून मला छायाचित्रमिती पटते.

सीनरीबद्दल मात्र मी भांडणार आहे. मराठीत सीनरी म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी. त्याऐवजी 'देखावा' का नको? निसर्गाचा देखावा आपण म्हणतोच, आणि गणपतीतला देखावाही पुठ्ठा-थर्माकोलचाच असतो, लोकांनी समोरून बघावा म्हणून उभा केलेला, मागे गेलात तर बांबू दिसणार. सिम्युलेटरमधलं जग याहून वेगळं आहे का? शिवाय 'नुसता देखावा' हा टोमणाही फुकटात मिळतो :)

ऑरेंजसिटी_पायलट

देखावा एकदम झकास ताई, +१.

पण छायाचित्रमितीवर माझा आक्षेप आहे. सिमवाले हा शब्द कसा वापरतात ते बघा ना. "या शहराला फोटोग्रामेट्री आहे का?" "माझी फोटोग्रामेट्री लोडच होत नाहीये." "खाली उतरलो तर सगळी फोटोग्रामेट्री विरघळलेली." म्हणजे आमच्या तोंडी ते शास्त्र राहिलंच नाहीये, ती वस्तू झालीय, तो शहराचा मॉडेलच. आता 'माझी छायाचित्रमिती विरघळली' म्हणून बघा, डॉक्टरकडे जावं लागेल असं वाटतं.

आणि ऑर्थोशी घोळ होतो तो आधी सोडवा भाऊ, नवीन पोरं हमखास तिथेच फसतात. मी एक्स-प्लेनवाला (तो दुसरा एक सिम्युलेटर), आमच्याकडे ऑर्थो४एक्सपी नावाचं फुकट टूल आहे, त्याने वरून काढलेले फोटो जमिनीवर अंथरता येतात. दहा हजार फुटांवरून बघितलं तर शेताचा बांध न बांध जागेवर, खरंच डोळे निवतात, पण तेच लँडिंगला खाली या, घरांची छपरं जमिनीवर रंगवल्यासारखी सपाट पडलेली असतात. चढउतार येतात ते डोंगर-दऱ्यांचे, घराला उंची नाही. ऑर्थोसाठी फोटो असा सरळ करून घेतात की प्रत्येक ठिकाण बरोब्बर डोक्यावरून बघितल्यासारखं दिसावं, नाहीतर साध्या फोटोत उंच इमारती कडेकडेला बाहेर झुकलेल्या दिसतात. लोक त्यालाही फोटोग्रामेट्री म्हणतात. सिममध्ये बघायला गेलं तर दोन्हीत फोटो आहेत इतकंच साम्य.

यारा_काठचा

ऑटोजेनचाही असाच घोळ होतो, त्याचा नामी नमुना आमच्या मेलबर्नमध्ये झाला होता. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला तेव्हा फॉकनर नावाच्या साध्या बैठ्या घरांच्या उपनगरात मधोमध २१२ मजल्यांचा सुळका उभा! लोक विमानं घेऊन बघायला जायचे, त्याच्यावर उतरायचे प्रयत्न करायचे. झालं होतं असं की ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच माहिती भरायचा इंटरनेटवरचा नकाशा) कोणीतरी एका इमारतीचे मजले भरताना २ च्या जागी २१२ टंकलं होतं, नकाशात ती चूक पुढे दुरुस्तही झाली, पण सिम्युलेटरसाठी माहिती त्याआधीच उचलली गेली होती. तेव्हा बऱ्याच जणांनी "फोटोग्रामेट्रीचा घोटाळा" असं लिहिलं, आणि तिथे फोटोग्रामेट्रीचा काडीचा संबंध नव्हता. फोटोंवरून बांधलं असतं तर दोन मजलीच दिसलं असतं, फोटोला मजले टंकता येत नाहीत.

जिथे असे तिरके फोटो नाहीत, म्हणजे जगाचा बहुतेक भाग, तिथे ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या ब्लॅकशार्क कंपनीचा प्रोग्राम वरून घेतलेल्या चित्रात घराचा ठसा ओळखतो, छपराचा रंग, आकार, परिसर बघून अंदाजाने घर उभं करतो. त्यांचा आकडा दीड अब्ज इमारतींचा आहे. लंडनचा बकिंगहॅम पॅलेस सुरुवातीला याच कारणाने ऑफिसच्या इमारतीसारखा दिसत होता. फेब्रुवारी २०२१ च्या अपडेटमध्ये लंडनची फोटोग्रामेट्री आली.

श्रावणधारा

मग ऑटोजेनला 'भरीची घरं' म्हणा. वृत्त जुळावं म्हणून कवी भरीचे शब्द टाकतो, अर्थ असो नसो मात्रा भरल्याशी कारण, तशी जागा भरायला टाकलेली घरं. बकिंगहॅम पॅलेसच्या जागी भरीचं ऑफिस, काय अचूक बसतंय बघा.

ऑरेंजसिटी, तुमचा आक्षेप मान्य. शास्त्र आणि त्यातून निघालेली वस्तू यांना मराठीत एकच शब्द पुरतो असं नाही. मोजणी वेगळी आणि मोजणीचा नकाशा वेगळा. तसं छायाचित्रमिती हे शास्त्र आणि त्यातून बनतो तो... 'हुबेहूब देखावा'?

मोजणीदार

हुबेहूब नको हो! इथेच खरी मेख आहे. हुबेहूब दिसतं ते फक्त दोन-तीन हजार फुटांवरून. खाली जाऊन बघा काय होतं ते. झाडाची पानं हलतात, बारीक असतात, दोन फोटोंत तोच ठिपका सापडत नाही, मग झाड म्हणजे हिरवा गोळा. काचेच्या इमारतीत प्रत्येक फोटोत वेगळंच प्रतिबिंब, त्यामुळे काचेची भिंत खड्डे पडल्यासारखी. पाण्याचं तेच, म्हणून समुद्र-नद्या वेगळ्याने हाताने सपाट कराव्या लागतात. रस्त्यावरच्या गाड्या डांबरात चेपलेल्या. विजेच्या तारा तर गायबच. आणि सावल्या! फोटो सकाळी दहाला काढले असतील तर दहाच्या सावल्या भिंतींवर कायमच्या छापल्या गेल्या, तुम्ही सिम्युलेटरमध्ये संध्याकाळ लावा नाहीतर मध्यरात्र, त्या हलत नाहीत, खोटा सूर्य पश्चिमेला आणि सावलीही पश्चिमेलाच. त्यात हे सगळं इंटरनेटवरून ओतायचं म्हणून त्रिकोण कमी करून जाळं विरळ केलेलं असतं. मापाच्या माणसाने त्यावरून फूटपट्टी लावू नये.

आमच्या धंद्यात उलट असतं, दिसायला ओबडधोबड चालेल पण माप चुकता कामा नये. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली तेव्हा ड्रोन उडायच्या आधी घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारून घेत होते, म्हणजे वरून घेतलेल्या फोटोत कोणाचं अंगण कुठे संपतं ते स्पष्ट यावं. आजोबा खुर्ची टाकून बसणार, चुना एक वीत इकडे पडला तर शेजाऱ्याशी तिथेच जुंपणार. त्या फोटोंवरून नकाशा आणि त्यावरून मिळकत पत्रिका. ती अस्सल फोटोग्रामेट्री, भले तिथे एकही भिंत उभी दिसत नसेल. तुमच्या सिम्युलेटरमध्ये हद्दीला कोण विचारतो?

ऑरेंजसिटी_पायलट

काका, विमान चालवताना आम्हाला तरी कुठे सातबारा काढायचाय 😀 आम्हाला नदीचं वळण, स्टेडियम, चर्चचा मनोरा बघून रस्ता ओळखता आला की झालं. नकाशा मांडीवर घेऊन नुसत्या डोळ्यांनी उडायचं तर भरीच्या घरांत ते जमत नाही कारण ओळखीची खूणच नसते, सगळी शहरं एकाच बिल्डरने बांधल्यासारखी. तेवढ्यासाठी मी रॅम आणि नेट दोन्ही खर्च करतो. 'ओळखीचं शहर' म्हणावंसं वाटतं पण तो काही शब्द झाला नाही.

उडता_पक्षी

भारी चाललंय. वाचून माझ्या डोक्यात एवढं बसलं की बटणावर जे नाव आहे ते तसंच ठेवावं, नाहीतर वाचणारा स्क्रीनवर शोधत बसेल. म्हणजे 'फोटोग्रामेट्री चालू करा' असंच. शास्त्र समजावताना एकदा छायाचित्रमिती. सीनरीला देखावा, ऑटोजेनला भरीची घरं, ऑर्थो तसंच. आणि त्या मॉडेलला 'फोटोंवरून उभारलेलं शहर'. लांब आहे पण कोणी अडखळणार नाही.

एक राहिलं, पुलांचं. फोटोग्रामेट्रीत कमानींच्या खालची जागा मातीने भरल्यासारखी दिसते, वरून आलेल्या फोटोंना पुलाच्या पोटातलं दिसतच नाही, मग सॉफ्टवेअर कडेपासून सरळ पाण्यापर्यंत भिंत ओढून मोकळं होतं. खालून विमान घालायला जाल तर आपटाल. याला काय लिहू?

मोजणीदार

गाळे बुजलेले. पुलाच्या दोन खांबांमधल्या जागेला गाळा म्हणतात आणि विहीर बुजते तसा गाळा बुजतो. 'या शहरातल्या पुलांचे गाळे बुजलेले आहेत, खालून जाऊ नका' असं लिहा, कोकणातला माणूसही समजेल आणि पीडब्ल्यूडीतलाही.

श्रावणधारा

वा, गाळे बुजलेले! मेशला 'जाळं' लिहा, 'जाळी' नको, जाळी म्हटलं की खिडकीची डासांची आठवते. आणि टेक्स्चरला कोणी 'पोत' सुचवेल तर ऐकू नका. पोत कापडाचा किंवा मातीचा, हाताला कळणारा. इथे जाळ्यावर चिकटवलेला फोटो आहे, हात फिरवायला काहीच नाही. टेक्स्चरच ठेवा.

यारा_काठचा

पत्रक झालं की इथे टाका, आमच्या इथल्या मुलांना देतो. ती मराठी वाचतात पण 'छायाचित्रमिती' एका दमात म्हणतील का शंका आहे, त्यामुळे तिथे कंसात 'फोटोवरून मोजणी' एवढं घाला.