इंग्रजी परीक्षेतले निबंध आणि ती जोडशब्दांची यादी : तुमचे अनुभव लिहा

निवांत
काल भाचीने आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेच्या सरावाचा निबंध वाचायला धाडला. फर्स्टली, मोअरओव्हर, फरदरमोअर, इन कन्क्लूजन, सगळे ओळीने हजर! आमच्या क्लासात वाटलेली झेरॉक्स आठवली. सर म्हणायचे, दर वाक्याला एक घाला, बँड (म्हणजे गुणांची पातळी) वाढतो. कोणाचा वाढला देव जाणे. तुमच्याकडेही होती का असली यादी?

मुग्धा_
होती ना!! आमच्यातल्या एकाने नेव्हरदलेस वापरायला मिळावं म्हणून विरोधी मुद्दा शोधून काढला होता 😂

सटरफटर
हसू नका, 40 मिनिटांत 250 शब्द भरायचे असतात. ऑन द अदर हँड म्हणजे आयते चार.

अर्धविराम
आयेल्ट्सचे जाहीर निकष उलटंच सांगतात. चार निकष, प्रत्येकी 25 टक्के, त्यातला एक सुसंगती आणि जोडणीचा. जोडशब्दांचा अतिरेक पाचव्या बँडच्या वर्णनात येतो. सगळ्यात वरच्या, नवव्या बँडला जोडणीकडे लक्ष क्वचितच जावं.
मी शिकवते तेव्हा आधी सगळे जोडशब्द खोडायला लावते. वाक्यं तरीही एकापुढे एक लागली तर ठीक. नाही लागली तर फरदरमोअर काय दिवे लावणार? मागच्या वाक्यातला धागा 'धिस प्रॉब्लेम', 'सच रूल्स' म्हणून उचलला की निम्मं काम होतं. आणि कृपा करून हाउएव्हरने नवं वाक्य सुरू करताना आधी नुसता स्वल्पविराम देऊ नका. पूर्णविराम द्या, नाहीतर अर्धविराम.

सटरफटर
अर्धविरामने अर्धविरामाची जाहिरात केली 😀

दुपारची_झोप
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. लेकाला ऑन द कॉन्ट्ररी फार आवडतं. शहरात सोयी, ऑन द कॉन्ट्ररी गावात शांतता. चालतं का?

अर्धविराम
नाही हो. आधीचं म्हणणं खोडायचं असेल तरच ते. इथे साधं बट पुरे.

मुग्धा_
टोफेल या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेतला तो 30 मिनिटांचा निबंध 2023 मध्ये गेला ना? त्याजागी 10 मिनिटांची लेखी चर्चा आली. 10 मिनिटांत कसलं फरदरमोअर!

निवांत
भाचीला सगळं वाचून दाखवतो. रुसणार आहे. बाय द वे, परीक्षा कागदावर द्यावी की संगणकावर? तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

सटरफटर
संगणकावर. शब्द मोजत बसावे लागत नाहीत, खाली आकडा दिसतो.

दुपारची_झोप
आणि टायपिंग येत नसेल तर?