‘बाटणे’, ‘बाटवणे’ आणि ‘धर्मांतर करणे’ : कर्ता कोण?

प्रश्न : ख्रिस्ती प्रार्थनासभेवर हल्ला झाल्याच्या मराठी बातम्यांत ‘गावकऱ्यांचे धर्मांतर केले जात असल्याच्या संशयावरून’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. जुन्या मराठीत याच जागी ‘बाटवणे’ हे क्रियापद असे. हे दोन शब्द समानार्थी मानावेत का? धर्मस्वातंत्र्याविषयी लिहिताना कोणता वापरावा?

उत्तर : समानार्थी मानू नयेत. ‘बाटणे’ हे मुळात सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारातले अकर्मक क्रियापद आहे. पाणी बाटते, भांडे बाटते, स्वयंपाक बाटतो आणि त्याच रांगेत माणूसही बाटतो. त्याच्या मनात काय चालले होते, हे विचारण्याची सोय या क्रियापदात नाही. ‘मी पुष्कळ वाचले, वर्षानुवर्षे विचार केला आणि मग बाटलो’ असे वाक्य उपरोधाखेरीज मराठीत कोणी बोलणार नाही. कोकणात आणि गोव्यात विहिरीत पाव टाकल्याची गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगतात : रात्री कोणीतरी विहिरीत पाव टाकतो, सकाळी लोक नेहमीप्रमाणे पाणी भरतात, पितात, आणि काय घडले हे कळण्याआधीच अख्खे गाव बाटलेले असते. असे कुठे किती घडले, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. क्रियापदाचा अर्थ मात्र या गोष्टीत पुरता उतरला आहे.

1890 सालचे पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनचे प्रकरण याच अर्थाचे लेखी उदाहरण म्हणता येईल. मिशनच्या कार्यक्रमानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्या मंडळींत होते. पुढे उपस्थितांची नावे छापून आली, ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद दोनेक वर्षे रंगला. येशूवर विश्वास ठेवण्याचा विचार त्या दिवशी तिथे कोणाच्याही मनात नव्हता. बाटण्यासाठी श्रद्धा बदलावी लागत नसे. पेला पुरत असे.

‘धर्मांतर’ या शब्दाला आजच्या मराठीत जे वजन आहे, ते बव्हंशी डॉ. आंबेडकरांनी दिले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी घोषणा केली, मे 1936 मध्ये मुंबईच्या परिषदेत धर्मांतराची ऐहिक आणि आध्यात्मिक अशी दोन्ही अंगे तपशिलाने मांडली, आणि नागपूरला दीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी. एकवीस वर्षे उघड वादविवाद करून केलेल्या या कृतीनंतर ‘त्यांनी धर्मांतर केले’ या वाक्यातला कर्ता कोण, याविषयी मराठीत शंका उरू नये. नारायण वामन टिळकांनी 1895 साली आणि पंडिता रमाबाईंनी 1883 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही कर्ते तेच होते. रमाबाईंसारख्या संस्कृतज्ञ स्त्रीला ‘बाटली’ म्हणणे म्हणजे तिने काही विचार केला असेल ही शक्यताच नाकारणे.

आता बातमीतले वाक्य पाहावे. ‘गावकऱ्यांचे धर्मांतर केले जात होते’ : गावकरी षष्ठीत गेले, क्रियापद कर्मणी झाले आणि करणारा कोणीतरी बाहेरचा ठरला. शब्द नवा असला तरी रचना ‘बाटवण्या’चीच आहे, आणि प्रार्थनेला स्वतःच्या पायांनी आलेल्या माणसाला तीत बोलायला जागा नाही.

कायद्यांच्या भाषेतही हीच ओढाताण दिसते. संविधानाच्या 25व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधी येते. मग धर्माचे प्रकटीकरण, आचरण आणि प्रसार. ओडिशाच्या 1967 च्या अधिनियमाने धर्मांतराची व्याख्या ‘एक धर्म सोडून दुसरा स्वीकारणे’ अशा अर्थाची, म्हणजे सोडणाऱ्याच्या बाजूने केली. गुन्हा मात्र बळाने, प्रलोभनाने वा कपटाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा. ज्याचे धर्मांतर झाले ती व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीतील असल्यास शिक्षा दुप्पट. प्रौढ स्त्रीला अज्ञान मुलाच्या पंगतीत बसवणारी ही तरतूद मला खटकते. 1977 साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. हा निकाल सकर्मक क्रियेपुरता आहे. स्वतःची श्रद्धा बदलण्याचे काय? हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने 2012 साली धर्म बदलण्यापूर्वी नोटीस देण्याची अट रद्द करताना श्रद्धा बदलण्याचा हक्क तर मानलाच, शिवाय ती गुप्त ठेवण्याचाही मानला.

‘घरवापसी’ हा हिंदीतून आलेला शब्दही याच चर्चेत घ्यावा लागेल. उत्तर प्रदेशाच्या 2021 च्या कायद्यानुसार लगतच्या पूर्वीच्या धर्मात परतणे हे धर्मांतर मानले जात नाही. म्हणजे जाणारा बाटतो किंवा बाटवला जातो आणि परतणारा तेवढा स्वेच्छेने परततो.

शंका : गोव्यात 1560 ते 1812 या काळात इन्क्विझिशन (पोर्तुगीज अमलातले धर्मन्यायालय) होते. तिथल्या सक्तीला ‘बाटवणे’ म्हणू नये काय?

उत्तर : जरूर म्हणावे. तिथे सत्तेचा धाक होता, शिक्षा होत्या, आणि ज्यांच्यावर बळजबरी झाली त्यांच्या दृष्टीने तोच शब्द नेमका आहे. आजही कोणी धाकाने वा फसवून धर्म बदलायला लावत असेल, तर ‘सक्तीचे धर्मांतर’ असे स्पष्ट लिहावे आणि सक्ती कोणती ते सांगावे. हरकत आहे ती तो शब्द पुराव्यावाचून अख्ख्या समाजाला चिकटवण्याला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या ख्रिस्ती घरात जन्मले, आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले, आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. इथे कोणी कोणाचा धर्म बदलला नव्हता.

‘बाटगा जास्त कडवा असतो’ हे वचन आजकाल पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांविषयी वापरतात आणि ते कोणाला फारसे टोचत नाही. मात्र वसईत किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) खेड्यांत शेजारी बसलेल्या ख्रिस्ती माणसासमोर तेच वचन उच्चारण्यापूर्वी बोलणारा क्षणभर थांबतो, आणि ते योग्यच आहे. बातमीपुरते विचाराल, तर ‘प्रार्थनासभेवर हल्ला, हल्लेखोरांकडून सक्तीच्या धर्मांतराचा आरोप’ असे लिहावे, आरोप करणाऱ्याचे नाव आरोपापाशी राहते आणि मार खाणारा मथळ्यातून गळत नाही.