माझ्या वर्गणीचे पैसे नेमके कोणाच्या पदरात पडतात?

प्रश्न: महिनाभर मी वर्गणी भरून घेतलेल्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर एकाच सारंगीवादकाचं रेकॉर्डिंग ऐकतोय, पहाटे रियाजाआधी, रात्री दिवा मालवल्यावर. दुसरं काहीच लावलं नाही. मग माझी वर्गणी त्यांनाच मिळते ना?

उत्तर १: नाही, आणि हेच मला सलतं. बहुतेक स्ट्रीमिंग सेवा सगळ्यांच्या वर्गणीची एकच रास करतात आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार वाटतात. तुमचे बहुतेक पैसे तुम्ही कधीच न ऐकलेल्या गाण्यांना जातात. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी श्रोत्यागणिक वाटप, म्हणजे प्रत्येकाचे पैसे त्याने ऐकलेल्या कलाकारांनाच, सुरू केलं, ते मला न्याय्य वाटतं.

उत्तर २: शिवाय पैसे आधी हक्कधारकाकडे, म्हणजे रेकॉर्डिंगचे हक्क ज्याच्याकडे असतात त्याच्याकडे, जातात. माझ्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, दिलेली उचल माझ्याच वाट्यातून वळती होत होती. हिशेबाच्या कागदावर तळाचा आकडा कित्येक तिमाह्या उणेच. गाणं वाजत होतं, हातात दमडी नाही! आणि स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही.

प्रश्नकर्ता: मग अल्बम विकतच घेतो.

उत्तर २: जरूर घ्या. फक्त रेकॉर्डिंगचे हक्क त्या सारंगीवादकाकडेच आहेत का, एवढं आधी विचारा.