हॅलोविनची चिन्हं मुळात कुणाची, ड्रुइडांची की चर्चची?

घंटानाद (धागाकर्ता)
ऑक्टोबर संपत आला की ख्रिस्ती मंडळींच्या गटांत एक मजकूर फिरायला लागतो. केल्ट लोकांचा (ब्रिटन-आयर्लंडचे प्राचीन रहिवासी, ड्रुइड हे त्यांचे पुजारी) 'साविन' म्हणजे मृत्यूचा देव, भोपळ्यातला दिवा हा त्याचा नैवेद्य, आणि चर्चने हा सण नुसता बाटवून घेतला. माझ्या मते यातलं जवळपास काहीच तारखांपुढे टिकत नाही.

साविन नावाचा मृत्यूदेव नव्हताच. आयरिश भाषेत साविन म्हणजे हिवाळा लागण्याचा दिवस. त्याला देव केलं १८ व्या शतकातल्या हौशी अभ्यासकांनी. आता सणाचं बघा. हॅलोविन म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र. ७ व्या शतकाच्या सुरुवातीला पोप बोनिफेस चौथे यांनी रोमचं पँथिऑन मरियेला आणि सर्व हुतात्म्यांना अर्पण केलं, ते १३ मे रोजी. इंग्लंड आणि जर्मन मुलखात १ नोव्हेंबर रुळला तो इ.स. ८०० च्या आसपास, आणि ८३५ मध्ये सम्राट लुई द पायसने तो फ्रँक साम्राज्यभर लागू केला. त्याच सुमारास आयर्लंडमध्ये रचलेल्या 'फेलिरे ओएंगुसो' या पद्यातल्या संतपंचांगात मात्र सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला आहे. ज्यांचा सण चर्चने ढापला म्हणतात, त्यांच्याच चर्चला १ नोव्हेंबर ठाऊक नव्हता!

दारोदार फिरण्याची एक सरळ वाट तर चर्चच्या अंगणातूनच येते. क्लूनी मठाचे मठाधिपती ओडिलो यांनी १० व्या शतकाच्या अखेरीस २ नोव्हेंबर हा मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. पुढे इंग्लंडमध्ये गरीब माणसं आणि मुलं घरोघर जाऊन 'सोल केक' मागत आणि बदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत. श्रॉपशर आणि चेशरमध्ये ही प्रथा १९ व्या शतकातही चालू होती.

वचनवाचक
तारखा मान्य. पण उगम चर्चमधला म्हणून प्रथा निर्दोष ठरत नाही. तुम्ही कौतुकाने सांगितलेला सोल केकच आमची खरी अडचण आहे. एका केकच्या मोबदल्यात मेलेल्याच्या आत्म्याची शुद्धिस्थानातून (मेल्यावर आत्मे जिथे शुद्ध होतात असं कॅथलिक मानतात) लवकर सुटका, हा व्यवहार शास्त्रात बसतो कुठे? 'माणसांना एकदाच मरणे व त्यानंतर न्याय होणे' हे इब्री ९:२७ मध्ये सरळ लिहिलं आहे. तुमचा आधार २ मक्काबी १२, मृतांच्या पापांसाठी यरुशलेमेला पाठवलेल्या दोन हजार रुप्याच्या नाण्यांचा, आणि ते पुस्तक आमच्या प्रोटेस्टंट बायबलात नाही.

३१ ऑक्टोबर आमच्यासाठी १५१७ चा आहे. विटेनबर्गच्या किल्ल्यातलं चर्च सर्व संतांच्याच नावाचं होतं. तिथे राजपुत्र फ्रेडरिकचे पवित्र अवशेष भाविकांच्या दर्शनाला मांडले जात आणि दर्शनाला दंडमाफी (पापाच्या शिक्षेत सूट) जोडलेली असे. १५२० पर्यंत त्या अवशेषांची संख्या १९ हजारांवर गेली होती. त्या दिवशी मार्टिन ल्यूथरने दंडमाफीविरुद्ध मांडलेले ९५ मुद्दे या पार्श्वभूमीवर वाचायला हवेत.

ओघम
तुम्ही दोघंही आयर्लंडला बाजूला सारताय. तारीख रोमची असेल, पण त्या रात्रीची धास्ती आयरिशच आहे. नेराची जुनी कथा घ्या. साविनच्या रात्री राजा आव्हान देतो: बाहेर फासावर लटकवलेल्या कैद्याच्या पायात वेलीचं कडं अडकवून दाखवा. नेरा जातो, तर प्रेत बोलायला लागतं, 'तहान लागलीय' म्हणतं. नेरा त्याला पाठुंगळी घेऊन घरं शोधतो. पहिल्या घराभोवती आगीचं कडं, दुसऱ्याभोवती पाण्याचं. दोन्हीकडे शिरकाव नाही. तिसऱ्या घरात मात्र धुण्याआंघोळीचं पाणी फेकायचं राहून गेलेलं. प्रेत तिथे पाणी पितं आणि शेवटची चूळ घरच्यांच्या तोंडावर टाकतं, सगळे मरतात. चूल झाकलेली आणि सांडपाणी ओतलेलं नसेल तर त्या रात्री मृत घरात येतो, हा विचार कुठल्याही पोपच्या पत्रकातून आलेला नाही.

आणि दिवा भोपळ्याचा नव्हताच. भोपळा अमेरिकेचा. आयर्लंड-स्कॉटलंडात सलगम कोरत. त्याचा गर इतका घट्ट की चमचा चालत नाही. आधी सुरीने आडवे-उभे काप देऊन मग खरवडावा लागतो, भिंत बोटभर उरेपर्यंत. झाकणाला भोक ठेवलं नाही तर हवा कोंडून मेणबत्ती विझते. चार-पाच दिवसांत तो सुकून आक्रसतो आणि चेहरा आपोआप भेसूर होतो.

घंटानाद
नेराची कथा मठांतल्या ख्रिस्ती लेखकांनीच लिहून ठेवली, हे विसरू नका. तरीही रात्रीबद्दलची भीती जुनी असू शकते, हे मी मान्य करतो. पण कोरलेल्या दिव्याचे भक्कम पुरावे १९ व्या शतकातले आहेत, तो ओढत ड्रुइडांपर्यंत नेता येत नाही. आणि जुनं काही राहिलं असेल तरी चर्चचं धोरण लपूनछपून नव्हतं. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी इंग्लंडमध्ये धर्मप्रसाराला निघालेल्या मेलितसला लिहिलं: देवळं पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा.

भट्टी
सोल केकचा विषय निघालाच आहे तर माप देतो. लोणी आणि साखर प्रत्येकी १७५ ग्रॅम फेटून घ्यायची, त्यात ३ अंड्यांचे बलक, मग ४५० ग्रॅम मैदा, दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड २ छोटे चमचे, मूठभर मनुका. दूध अगदी बेताने, पीठ जेमतेम एकत्र येईल इतकंच. १ सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापून सुरीने वर क्रूस खोल उमटवायचा आणि १८० अंशांवर १५ मिनिटं भाजायचं. दूध जास्त झालं की चकती पसरते आणि क्रूस बुजतो. मळत बसलात तर चिवट होते. क्रूस बुजला की ती नुसती बिस्किटं उरतात, म्हणून दुधावर लक्ष ठेवा.

वचनवाचक
इतिहास बाजूला ठेवतो, कारण माझा मूळ आक्षेप आजच्या मंडळीबद्दल आहे. १ करिंथ ८ मध्ये पौल म्हणतो, मूर्ती काहीच नाही, तरी माझ्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. आपल्याकडे अनेक मंडळ्यांत पहिल्या पिढीचे विश्वासी आहेत. अंगात येणं, देवऋषी, उतारे हे त्यांनी जवळून पाहिलंय, जिवाला घाबरून. अशांच्या मुलांना चर्चच्या हॉलमध्ये सांगाड्याचा आणि चेटकिणीचा वेश चढवून 'गंमत आहे' म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. जादूटोणा आणि मृतांना विचारणं मना करणारं बायबलातलं अनुवाद १८:१०-१२ त्यांच्यासाठी पुस्तकातला इतिहास नाही.

घंटानाद
या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला येतो. चेटकीण नकोच. पॅरिसच्या धर्मप्रांताने २००२ पासून 'होलीविन्स' सुरू केलं, त्यात मुलं संतांचे वेश करतात. तसं करायचं असेल तर संतांच्या हौतात्म्याच्या खुणा गुळगुळीत करू नका. लॉरेन्सच्या हातात लोखंडी जाळी, लूसीच्या ताटात डोळे, डेनिसच्या हातात त्याचंच कापलेलं डोकं. मृत्यूकडे ख्रिस्ती माणूस कसा बघतो ते इथे दिसतं, आणि त्यात कुणाला घाबरवायचा हेतू नाही.

वचनवाचक
संतांना प्रार्थना नसेल, नुसती त्यांच्या विश्वासाची ओळख असेल, तर माझी हरकत नाही. पण मग युरोपातलेच का?

घंटानाद
वसईचे गोन्सालो गार्सिया घ्या. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर देऊन भाल्यांनी भोसकलं, १८६२ मध्ये संत जाहीर. वेश सोपा आहे: फ्रान्सिस्कन संन्याशांचा तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची पांढरी दोरी, हातात क्रूस. भाले पुठ्ठ्याचे आणि टोकं बोथट ठेवा, लहान मुलं मिरवणुकीत पळतात. दोरीच्या तीन गाठी म्हणजे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन, हे मुलाला आधी सांगून ठेवा.